बायबलमधला एखादा पॅसेज घशाखाली उतरत नसेल तर देवालाच कसं विचारायचं

उज्जाची गोष्ट आठवतेय का? २ शमुवेल ६, म्हणजे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा सहावा अध्याय. राजा दावीद कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, यरुशलेमला न्यायला निघालाय, नवी कोरी गाडी, बैल जुंपलेले, सगळे वाजतगाजत चाललेत, आणि एका खळ्यापाशी आल्यावर बैल अडखळतात, कोश कलंडतोय असं वाटून उज्जा पटकन हात घालतो. आणि जागच्या जागी मरतो. देवाचा कोप त्याच्यावर भडकला असं सरळ लिहिलंय. मी हे पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं तेव्हा अंडरलाइन करायला पेन्सिल हातात होती ती तशीच वर राहिली. पडणारी वस्तू सावरली म्हणून मरण? तीही देवाचीच वस्तू?

मग मी काय केलं, तर पुढचं वाचायला लागले. पुढे दावीद नाचतो ते छान आहे, ते अंडरलाइन केलं. असं मी कित्येक वर्षं करत आलेय. माझं जुनं बायबल उघडलं की मी कुठून कुठून पळ काढलाय ते पानांवरच दिसतं, यहोशवा जवळजवळ कोरं, शास्ते कोरं, स्तोत्र १३७ चं पहिलं वचन पिवळं केलेलं आणि शेवटचं तसंच. एकदा अभ्यासाला बसलेलो असताना धीर करून उज्जाबद्दल विचारलं तर एक जण म्हणाले, असे प्रश्न विचारायचे नसतात, विश्वास ठेवायचा असतो. मी गप्प बसले, प्रश्न काही बसला नाही.

मी थिऑलॉजी वगैरे शिकलेली नाही. पण मागची काही वर्षं मी अशा पॅसेजवर थांबायला शिकलेय आणि त्यातून एक पद्धत म्हणा, सवय म्हणा, बसत गेलीय, ती इथे लिहिते. तुम्हाला जमेल तेवढी घ्या.

आधी हे क्लिअर करू की विचारलेलं चालतं का

चालतं. देव सदोम शहराचा नाश करायला निघालाय, तर अब्राहाम त्या शहरासाठी देवाशी अक्षरशः घासाघीस करतो, ५० नीतिमान सापडले तर, बरं ४५, बरं ४०, मग ३०, २०, आणि १० वर येऊन थांबतो (उत्पत्ति १८), आणि वर देवालाच सुनावतो की सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही का. गिदोनाला दूत म्हणतो परमेश्वर तुझ्याबरोबर आहे, तर हा म्हणतो, बरोबर आहे तर आमच्यावर हे सगळं आलं कसं? यिर्मया तर २०:७ मध्ये म्हणतो की तू मला फसवलंस. हबक्कूकाचं पुस्तक तीनच अध्यायांचं आणि सुरुवातच तक्रारीने. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडून जे निघालं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ते स्तोत्र २२ चं पहिलं वचन आहे आणि तोही प्रश्नच आहे.

पण मग देव कुरकुर केल्याबद्दल लोकांवर रागावतो त्याचं काय, असं कोणीतरी म्हणेलच. त्यासाठी गणना ११ वाचा, एकाच अध्यायात दोन्ही आहेत. लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून रडतायत, मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवतायत, सगळं एकमेकांत चाललंय, देवाशी कोणीच बोलत नाहीये. आणि मोशे देवाला तोंडावर म्हणतो, या लोकांना काय मी जन्म दिला? असंच वागवणार असशील तर मला मारूनच टाक. बोलणं बघायला गेलं तर मोशेचंच जास्त कडक आहे की नाही. पण कोप लोकांवर होतो आणि मोशेला मदतीला ७० वडीलधारी माणसं मिळतात.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. लोक देवाबद्दल बोलत होते आणि मोशे देवाशी. आणि मराठीत ही सोय आपल्याला आयतीच आहे, सासऱ्यांना, साहेबांना, शिक्षकांना आपण अहो-जाहो करतो पण देवाला मात्र तू म्हणतो, लहानपणापासून. तर प्रश्न लिहिताना ‘देव असं का करतो’ असं लिहिलं गेलं तर ते खोडा आणि लिहा ‘तू असं का केलंस’. एवढा एकच बदल करून बघा. पहिलं वाक्य चहा पिता पिता कोणाशीही बोलता येतं, दुसरं म्हणताना घसा जरा कोरडा पडतो, निदान माझा पडला होता.

जाता जाता, जखऱ्या आणि मरीया. लूक १ मध्ये गब्रीएल हा देवदूत दोघांनाही मूल होणार असं सांगतो आणि दोघंही त्याला प्रश्न विचारतात, जखऱ्या म्हणतो हे मी कशावरून समजू, आणि मुका होतो. मरीया म्हणते हे कसं होईल, आणि तिला उत्तर मिळतं. याच्यावरून लोक घाबरवतात की बघा, चुकीचा प्रश्न विचारला की शिक्षा. मला वाटतं जखऱ्याला गॅरंटी हवी होती आणि मरीयेला समजून घ्यायचं होतं. पण जखऱ्याही काही बाद झाला नाही, योहान त्याच्याच घरी जन्मला आणि तोंड उघडल्यावर त्याने पहिल्यांदा देवाची स्तुतीच केली.

बसायच्या आधी

एक साधी वही, पेन, बायबल, आणि जमलं तर दुसरं एखादं भाषांतर शेजारी. अर्धा-पाऊण तास. कागदी बायबल असेल तर उत्तम, मोबाईलवर वाचत असाल तर इंटरनेट बंद करा, कारण अडलं की हात आपोआप सर्चकडे जातो. उज्जा का मेला असं टाकलं की दहा सेकंदात दहा उत्तरं समोर येतात आणि बहुतेक सगळी देवाचं वकीलपत्र घेऊन लिहिलेली असतात, तुमचा प्रश्न अजून धड तयारही झालेला नसतो तोवर केस बंद. कमेंटरी, म्हणजे वचनांचा अर्थ समजावणारी पुस्तकं, वाचायचीच आहे, पण नंतर.

प्रार्थना मोठी नको. याकोब १:५ मध्ये लिहिलंय की ज्याला ज्ञान कमी पडतंय त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. यातलं ‘दोष न लावता’ एवढं धरा आणि सुरू करा. मी नुसतं म्हणते, देवा, बसलेय, आज हे पान सोडून पळणार नाही.

वाचा, आणि मोठ्याने वाचा

मनातल्या मनात वाचताना डोळे अवघड ओळींवरून घसरतात, मोठ्याने वाचलं की घसरता येत नाही. पूर्ण प्रसंग वाचा, अध्याय जिथे सुरू होतो तिथूनच सुरू करायला पाहिजे असं काही नाही. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच, ते १३ व्या शतकात पडले, आणि नवीन करारातल्या वचनांचे आकडे १५५१ साली एका छपाईवाल्याने घातले. म्हणून आधीचं एक पान आणि नंतरचं एक पान घ्याच.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे मार्क ११. येशूला भूक लागते, अंजिराच्या झाडावर फळ नसतं, तो झाडाला शाप देतो, आणि मार्क मुद्दाम सांगतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता! म्हणजे आणखीनच अन्याय. पण पुढे वाचत गेलात तर लगेच मंदिरातल्या विक्रेत्यांना हाकलल्याचा प्रसंग येतो, आणि तो संपला की दुसऱ्या दिवशी परत तेच झाड, मुळापासून वाळलेलं. झाड, मंदिर, झाड. मार्कने एक गोष्ट फोडून मध्ये दुसरी घातलीय. पानंच पानं आणि फळ नाही असं झाड, आणि गर्दीच गर्दी आणि प्रार्थना नाही असं मंदिर. झाडाची दया मला तरीही येते, पण येशूची चिडचिड झाली म्हणून त्याने झाडावर राग काढला हे जे मी समजत होते ते गेलं.

मग जे खुपलं ते लिहा, चर्चची भाषा न वापरता

हे सगळ्यात अवघड. आपल्याला प्रार्थनेची एक ठरलेली भाषा असते आणि पेन हातात घेतलं की तीच उतरते. मी उज्जाच्या पानावर पहिल्यांदा लिहिलं होतं: ‘प्रभू, तुझी पवित्रता समजून घेण्यास मला साहाय्य कर.’ वाचायला छान. पण खोटं. मला पवित्रता समजून घ्यायचीच नव्हती, मी वैतागले होते. ते खोडलं आणि खाली लिहिलं: ‘देवा, उज्जाने चांगल्या मनाने हात लावला. तू त्याला मारलंस. मला तुझी भीती वाटली आणि तू मला आवडला नाहीस.’ लिहून झाल्यावर मी मागे वळून बघितलं की कोणी वाचत तर नाहीये ना.

काही झालं नाही. वीज पडली नाही. आणि खरं सांगू का, तशी वाक्यं स्तोत्रांत डझनांनी आहेत, स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन वचनांत कुठवर, कुठवर असं चार वेळा येतं आणि आपण ते चालीवर म्हणतो.

आता त्या वाक्याचे तुकडे करा. एका प्रश्नात बऱ्याचदा तीन-चार प्रश्न गुंतलेले असतात आणि सगळे एकदम सोडवायला गेलं की एकही सुटत नाही. उज्जाच्या बाबतीत माझे असे निघाले. एक, कोशाला हात लावायचा नाही असा नियम होता का आणि तो उज्जाला माहीत होता का? हा माहितीचा प्रश्न, पुस्तकात शोधून सापडणारा. दोन, लिहिणाऱ्याने हे एवढ्या आनंदाच्या प्रसंगात का घातलं, त्याला काय सांगायचंय? याला आजूबाजूचं वाचावं लागेल. आणि तीन, देवा, तू असा आहेस का? माझ्या हातून काही चुकलं तर माझ्याशीही असाच वागशील का? हा तिसरा कमेंटरीवर ढकलायचा नाही. पहिल्या दोनचं उत्तर मिळालं म्हणून तिसऱ्याचं मिळालं असंही समजायचं नाही, इथेच बहुतेक प्रवचनं गंडतात.

खणायला लागा

माहितीच्या प्रश्नासाठी बायबलच्या शेवटी किंवा समासात जे संदर्भ दिलेले असतात ते एकेक उघडत जा. मी तसं केलं. गणना ४:१५, लेव्यांपैकी, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशापैकी, कोश वाहणाऱ्या कहाथाच्या वंशजांनी पवित्र वस्तूंना स्पर्श करायचा नाही, नाहीतर मरतील. म्हणजे नियम होता, आणि धोकाही आधीच सांगितलेला. मग गणना ७, हे मी आधी शंभरदा कंटाळून स्किप केलेलं, तिथे ६ गाड्या आणि १२ बैल वाटून दिलेत, गेर्षोनाच्या वंशजांना २ गाड्या ४ बैल, मरारीच्या वंशजांना ४ गाड्या ८ बैल, आणि कहाथाच्या वंशजांना एकही नाही, कारण त्यांनी खांद्यावर वाहायचं होतं. मग ही गाडीची आयडिया आली कुठून? १ शमुवेल ६. इस्राएलच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, पळवून नेलेला कोश परत पाठवला तेव्हा नव्या गाडीवर पाठवला होता. दावीदाने पलिष्ट्यांची पद्धत उचलली होती! बरं, त्याआधी कोश होता कुठे तर अबीनादाबाच्या घरी, आणि उज्जा अबीनादाबाचा मुलगा. म्हणजे कोश त्याच्या घरातच होता, रोज येता-जाता दिसणारा. त्याला त्याची सवय झाली असेल का? हे शास्त्रात लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज, म्हणून वहीत मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय. तुम्हीही असंच करा, काय लिहिलेलं आहे आणि काय आपण जोडलंय ते वेगळं दिसलं पाहिजे, नाहीतर दोन वर्षांनी आपलाच अंदाज आपण वचन म्हणून सांगायला लागतो.

आणि यात मला सगळ्यात जास्त काय आवडलं माहितीये? दावीदाची रिअॅक्शन. २ शमुवेल ६:८ मध्ये दावीदाला राग येतो. ९ मध्ये तो घाबरतो आणि म्हणतो, परमेश्वराचा कोश माझ्याकडे येणार तरी कसा? म्हणजे माझी रिअॅक्शन शास्त्रातच लिहून ठेवलीय, राजाच्या नावावर. तो मिरवणूक थांबवतो, कोश ओबेद-अदोमाच्या घरी ठेवतो, तीन महिने. आणि १ इतिहास १५:१३ मध्ये तो लेव्यांना म्हणतो की मागच्या वेळी तुम्ही कोश वाहिला नाही, आपण देवाला नियमाप्रमाणे विचारलं नाही, म्हणून तो आपल्यावर भडकला. राग, भीती, तीन महिने गॅप, मग उत्तर. दावीदालाही तिथल्या तिथे कळलं नव्हतं.

शब्दांवर अडलात तर

काही वेळा सगळा घोळ एका शब्दाचा असतो. लूक १४:२६, जो आपल्या बाप-आई-बायको-मुलांचा द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही. हे वाचून मी देवाला सरळ विचारलं होतं की मग आईबापांचा मान राख ही आज्ञा कोणी दिली? आता हीच गोष्ट मत्तय १०:३७ मध्ये बघा, तिथे आहे, जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर जास्त प्रीती करतो. आणि उत्पत्ति २९ उघडा, ३० व्या वचनात याकोबाने राहेलवर लेआपेक्षा जास्त प्रेम केलं आणि लगेच ३१ मध्ये मूळ हिब्रूत लेआ ‘द्वेष केलेली’ आहे, काही भाषांतरं तिथे नावडती म्हणतात. म्हणजे त्या बोलण्यात दुसऱ्या नंबरला ठेवणं यालाही तोच शब्द. वचन सोपं झालं का? नाही झालं, दुसऱ्या नंबरला ठेवणंही अवघडच आहे. पण आता निदान खऱ्या अवघड गोष्टीशी भांडतेय.

अलीशा आणि अस्वलांचंही (२ राजे २) थोडं तसंच, अलीशा संदेष्ट्याची टिंगल करणाऱ्या पोरांना तो शाप देतो आणि अस्वलं त्यातल्या ४२ जणांना फाडतात. तिथला हिब्रू शब्द लहान मुलासाठीही येतो आणि तरुणासाठीही, राजा झालेला शलमोन १ राजे ३:७ मध्ये स्वतःला तेच म्हणवतो. शिवाय ती पोरं बेथेलची, जिथे सोन्याचं वासरू मांडलेलं होतं. एवढं कळल्यावर चित्र बदलतं, पण अस्वलं काही जात नाहीत. ज्या एक्स्प्लनेशननंतर पॅसेज एकदम गुळगुळीत होतो त्याच्यावर मी जरा संशयच घेते.

लिहिलंय म्हणजे देवाला पटलंय असं नाही

शास्ते ११ मध्ये इफ्ताह नवस करतो आणि त्यात स्वतःची मुलगी घालवतो. शास्ते १९, एका बाईवर रात्रभर झालेला अत्याचार, तर मी मोठ्याने वाचू शकले नाही, सांगूनच ठेवते. दोन्हीकडे देव कुठेही शाबास म्हणत नाही. पुस्तकाचं शेवटचं वाक्य आहे की ज्याला जे बरं वाटे ते तो करी. ते वाक्य धरून मागे वाचत या, म्हणजे कळतं की लिहिणाराही आपल्याइतकाच हादरलेला असावा. इथे देवाला ‘तू हे का केलंस’ विचारण्यापेक्षा ‘तू हे का होऊ दिलंस आणि का लिहून ठेवलंस’ असं विचारा, प्रश्न बदलतो.

बोलतंय कोण हेही बघा. स्तोत्र १३७ च्या शेवटी बाबेलच्या लेकरांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. हे देव बोलत नाहीये. हे बोलणारे बाबेलात नेलेले कैदी आहेत, ज्यांनी यरुशलेम जळताना पाहिलं, आणि त्यांची लेकरं कोणी कशी मारली असतील ते त्या वचनावरूनच कळतं. त्यांनी तलवार उचलली नाही, ते मनातलं सगळं विष देवापुढे ओतलं. मला हे वचन आता भयंकर वाटतं तसंच खरंही वाटतं.

पण यहोशवा ६ ला ही युक्ती चालत नाही, कारण तिथे यरीहो शहरातल्या सगळ्यांना मारा असं देवाच्या नावानेच येतं. मी दोन-तीन उत्तरं वाचलीत. एक असं की त्या काळी युद्धाची भाषाच अशी वाढवून असायची, आणि खरंच, अध्याय १० मध्ये हेब्रोन आणि दबीरमध्ये कोणी उरलं नाही म्हणतात आणि १५ मध्ये कालेबाला तीच गावं परत घ्यावी लागतात. दुसरं असं की देवाने खूप वाट पाहून केलेला हा न्याय होता, उत्पत्ति १५:१६ मध्ये अमोऱ्यांचं, म्हणजे त्या देशात आधीपासून राहणाऱ्या लोकांचं, पाप अजून भरलं नाही असं आहे. दोन्हीत तथ्य आहे, दोन्हींनी माझं समाधान झालेलं नाही. माझ्या वहीत यहोशवाचं पान उघडंच आहे आणि त्यावर लिहिलंय, ‘देवा, लेकरांचं काय?’

उत्तर आलं नाही तर

बऱ्याचदा येत नाही. निदान त्या दिवशी नाही. हबक्कूक प्रश्न विचारून झाल्यावर २:१ मध्ये म्हणतो की मी आता पहाऱ्यावर उभा राहतो आणि तू काय म्हणतोस ते बघतो, आणि देव म्हणतो लिहून ठेव, उशीर लागला तरी वाट बघ. बरं त्याला पहिलं उत्तर काय मिळालं होतं, तर अन्याय थांबवायला मी खास्द्यांना, म्हणजे क्रूर बाबेली फौजेला, आणतोय! म्हणजे प्रश्नापेक्षा उत्तर वाईट. मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गेलेल्या ईयोबाला तर शेवटपर्यंत कळत नाही की पहिल्या दोन अध्यायांत वरती देव आणि सैतानात काय बोलणं झालं होतं, आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. देव ३८ ते ४१ अध्याय बोलतो आणि त्यात उलट प्रश्नच जास्त. तरी ४२:७ मध्ये देव त्याच्या मित्रांना म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. आणि मित्रच तर देवाची बाजू घेत होते ना! हे वचन मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तर प्रॅक्टिकल असं की प्रश्नाच्या वर तारीख टाका, खाली जागा सोडा, आणि वही मिटा. दुसऱ्या दिवशी नेहमीचं वाचन चालू ठेवा, एकाच पॅसेजवर महिनोन् महिने अडून राहू नका. सहा महिन्यांनी वही चाळा. कधी भलत्याच पुस्तकात उत्तर सापडलेलं असतं, कधी प्रश्नच जुना झालेला असतो, कधी देवाचाच प्रश्न आपल्यावर उलटून येतो, योनाचं आख्खं पुस्तक तसंच संपतं, निनवे शहर वाचलं म्हणून योना चिडलाय आणि देव म्हणतो, निनवेत १,२०,००० पेक्षा जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ जनावरं, मला त्यांची काळजी वाटू नये का? योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही.

उत्तर पटकन आलं आणि ते अगदी आपल्या सोयीचं असलं तर थांबा, दोन दिवस जाऊ द्या. आणि देवाने मला सांगितलं असं दुसऱ्यांना सांगत सुटू नका प्लीज.

माणसांना कधी विचारायचं

स्वतः एकदा बसून झाल्यावर. प्रेषितांची कृत्ये ८ मधला कूशी अधिकारी रथात यशया वाचत होता, फिलिप्पाने विचारलं समजतंय का, तर तो म्हणाला कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार, ये वर बस. हे मला फार आवडतं, ये वर बस. पेत्रानेही कबूल केलंय की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला अवघड आहेत (२ पेत्र ३:१६), पेत्राला अवघड जात असेल तर आपलं काय.

माणूस निवडताना एकच टेस्ट. तुमचा प्रश्न ऐकून तो आधी थोडा गप्प बसतो का? ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तेव्हा ते एकदम बरोबर होते, बोलायला लागले आणि बिघडलं. आणि कोणी अनुवाद २९:२९ चं अर्धंच वचन, गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, एवढंच तोंडावर फेकून विषय संपवत असेल तर त्याला उरलेलं अर्धंही वाचायला सांगा, प्रगट केलेल्या गोष्टी आपल्या आणि आपल्या मुलांच्या आहेत.

ग्रुपमध्ये प्रश्न काढायचा असेल तर आधी बघून घ्या कोण बसलंय. ज्याच्या घरी नुकतंच कोणी गेलंय त्याच्यासमोर उज्जा काढू नका. आणि तुमच्याच घरी गेलं असेल तर हे वरचं सगळं राहू द्या, संदर्भ नको, वही नको, शब्दार्थ नको. लाजर मेला तेव्हा त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया (ही दुसरी मरीया) दोघींनी येशूला एकच वाक्य ऐकवलं, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, तेवढं म्हणा आणि रडा. तिथे तोही रडला होता. किंवा स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही ‘पण तरीही’ नाही.

सुरुवात कुठून करायची तर मार्क ११ किंवा लूक १४:२६ घ्या, हातात काहीतरी लागतं आणि सवय होते. मग उज्जा. यहोशवा आणि शास्ते १९ एकट्याने पहिल्याच आठवड्यात नको, सोबत कोणीतरी हवं.

माझ्या वहीतलं उज्जाचं पान आता असं दिसतं. सगळ्यात वर ती खोडलेली गोड प्रार्थना. तिच्याखाली ‘तू मला आवडला नाहीस’. मग वेगळ्या शाईत गणना ७:९, १ शमुवेल ६:७, १ इतिहास १५:१३. मग सवयीबद्दलचा अंदाज, प्रश्नचिन्हासकट. आणि गेल्या वेळी परत वाचताना लिहिलेली ओळ: ‘देवा, गाडी आणायचं ठरवलं दावीदाने. मेला उज्जा. हे का?’ त्याच्याखाली अर्धं पान कोरं सोडलंय.